वारसा फुकटच हवा

यूट्यूबवर जुन्या मालिका, जुने चित्रपट आणि इतिहासाचे कार्यक्रम पाहणाऱ्यांबद्दल आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाचं मत एव्हाना ठरून गेलं आहे. हे लोक स्मरणरंजनात रमलेले, दुसऱ्याच्या मालावर फुकट ताव मारणारे आणि पुस्तक उघडायचा कंटाळा म्हणून इतिहास पडद्यावरून शिकणारे, असा हा तिहेरी आरोप आहे. परिसंवादाच्या व्यासपीठावर तो ऐकू येतो तसाच सोसायटीच्या कट्ट्यावरही. तो करणारी मंडळी बहुधा वाचणारी आणि चांगल्या हेतूची असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं थोडक्यात असं: लोकांच्या पैशातून उभं राहिलेलं किंवा कायद्याने लोकांचं झालेलं जुनं चित्रण सगळ्यांना विनामूल्य पाहता येणं हा हक्क आहे, त्यात कुणाचे उपकार नाहीत. या व्यवहारात जे बिघडलं आहे त्याचा जाब पाहणाऱ्याला विचारून उपयोग नाही. तो ज्यांच्या कपाटात या टेपा आहेत त्यांना विचारायला हवा.

आधी स्मरणरंजनाचं पाहू. स्मरणरंजनासाठी मुळात स्मरण लागतं, आणि ते किती जणांपाशी आहे? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुण्याला ते दिसायला सिंहगडावरचा मनोरा उभा राहावा लागला आणि १९७३ साल उजाडावं लागलं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तळकोकण यांच्या मोठ्या भागात टीव्हीचं चित्र पोचलं ते १९८४च्या आसपास, देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा धडाका लागला तेव्हा. म्हणजे मराठी टीव्हीचा सुवर्णकाळ म्हणून ज्या सत्तरच्या दशकाचे गोडवे गायले जातात, ते ‘गजरा’चं आणि ‘चिमणराव’चं दशक दोन शहरांच्या अवतीभवतीच संपलं. त्या शहरांतही सेट मोजक्या घरांत. बाकीच्यांनी तो शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिला, आणि दार कधी लावायचं हे शेजाऱ्यांनी ठरवलं.

अशा वेळी परभणीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आज ‘चिमणराव’चा शिल्लक राहिलेला भाग लावला, तर ती आठवणींत रमते आहे असं कसं म्हणायचं? ती तो पहिल्यांदा पाहते आहे. चिं. वि. जोशींची पुस्तकं तिने शाळेच्या वाचनालयातून आणून वाचली असतील, पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी तिच्या गावापर्यंत कधी आलीच नाही. तिच्या नातवाचं प्रकरण तर आणखी वेगळं. त्याला प्रभावळकर ठाऊक आहेत ते २००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधी म्हणून. तोच माणूस तरुणपणी चिमणराव कसा उभा करतो, हे पाहणं त्याच्यासाठी अभिनयाचा धडा आहे. स्मरणरंजनाचा आरोप करण्यासाठी आधी ते सगळं वेळेवर पाहिलेलं असावं लागतं. ज्यांना ते वेळेवर मिळालं त्यांनी उशिरा मिळालेल्यांना नाक मुरडावं, यात मला अभिरुची दिसत नाही. जुनी मक्तेदारी दिसते.

शिवाय जुनं पाहणारा माणूस नुसता गहिवरतो, हे गृहीतच चुकीचं आहे. जुना कार्यक्रम आज पाहताना तेव्हा न दिसलेलं दिसतं. त्या काळच्या नाट्यप्रवेशांत पात्रं बहुतेक एकाच वळणाची प्रमाण मराठी बोलतात. शेतकरी भेटतो तो प्रामुख्याने ‘आमची माती आमची माणसं’सारख्या त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेत. घरातली बाई चहाचा ट्रे घेऊन येते आणि संवाद दुसऱ्यांचे सुरू राहतात. कुणाला पडद्यावर जागा होती, कुणाला नव्हती, कुणाची बोली विनोदासाठी राखलेली होती, हे समजायला त्या काळाबद्दलच्या लेखापेक्षा त्या काळचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम जास्त उपयोगी पडतो. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधल्या मुलाखतीत एखादा लेखक प्रश्नानंतर किती वेळ गप्प बसतो, कोणत्या नावावर त्याचा आवाज बदलतो, हे कोणत्याही समग्र वाङ्मयात छापलेलं नसतं.

दुसरा आरोप चोरीचा. तो गंभीर आहे, म्हणून त्याचे तुकडे नीट पाडायला हवेत. सगळा जुना माल एकाच गाठोड्यात बांधून त्यावर ‘चोरीचा’ अशी चिठ्ठी लावणं सोपं आहे, पण कायदा तसं म्हणत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्याच्यावरचा हक्क केव्हाच संपला. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. त्याची मुदत २०१३च्या अखेरीस संपली. मूळ कथा, पटकथा, संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, हे खरं. पण विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम घरबसल्या पाहणाऱ्याला चोर म्हणण्याआधी एवढं गणित करायला हरकत नसावी.

दुसरा मोठा भाग आहे तो मालकांनी स्वतः खुला केलेल्या चित्रणाचा. ‘ब्रिटिश पाथे’ या वृत्तचित्र संस्थेने २०१४च्या एप्रिलमध्ये आपली सुमारे ८५ हजार चित्रणं यूट्यूबवर ठेवली. त्यांत स्वातंत्र्यपूर्व भारताची दृश्यंही आहेत. प्रसारभारतीने आपल्या संग्रहातले कार्यक्रम स्वतःच्या वाहिनीवर चढवले. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिने ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचं व्यासपीठही सुरू केलं आणि त्यावर जुन्या मालिकांना जागा दिली. मालकाने दार उघडून आत बोलावलेल्या माणसाला घुसखोर म्हणण्याचा हा प्रकार मला तरी अनाकलनीय वाटतो.

आणि दूरदर्शनच्या बाबतीत तर ‘फुकट’ हे विशेषणच खोटं आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात रेडिओ किंवा टीव्ही ठेवायला परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. ती फी बंद झाल्यावरही सरकारी तिजोरीतून पैसा जात राहिला आणि ती तिजोरी करदात्यांची होती. ज्याच्या घरी टीव्ही नव्हता त्यानेही काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवरच्या करातून या कार्यक्रमांचा खर्च उचलला. त्याने तेव्हा पैसे दिले आणि कार्यक्रम पाहायला मिळाला नाही. आज तो पाहतो आहे, तर ती थकबाकी वसूल होते आहे असं समजा.

उरला तिसरा भाग: हक्क शाबूत असताना परवानगीशिवाय चढवलेलं चित्रण. चालू नाटकाचा प्रयोग प्रेक्षागृहात बसून मोबाइलवर टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी जगाला वाटायचा, ही उघड चोरी आहे. नाट्यसंस्थेचं पोट पुढच्या प्रयोगाच्या तिकिटावर असतं आणि या चोरीने ते मारलं जातं. इथे आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मी उभा आहे. नव्या चित्रपटाच्या बाबतीतही तेच. पण ज्या कार्यक्रमाची मूळ टेपच शिल्लक नाही आणि तो वाचला आहे तो कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर मुद्रित करून ठेवला म्हणून, तिथे न्याय इतका सरळ नाही.

टेप महाग होती त्या काळात प्रसारण झालं की तिच्यावरच दुसरा कार्यक्रम मुद्रित करायची रीत जगभर होती. दूरदर्शन त्याला अपवाद नव्हतं. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत आपल्या टेपा पुसल्या. तिच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे १९६०च्या दशकातले कितीतरी भाग त्यात गेले. पुढे त्यांतले काही सापडले ते खासगी संग्राहकांकडे आणि परदेशी केंद्रांत. २०१३मध्ये नऊ भाग नायजेरियातून परत आले. अनेक भागांचं चित्र गेलं, पण आवाज राहिला, कारण घरोघरच्या मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो मुद्रित केला होता. नियमाने पाहिलं तर ती मुलं गुन्हेगार होती. आज संस्था त्यांच्याच ध्वनिफितींवर चित्रं जोडून ते भाग पुन्हा उभे करते.

आपल्याकडचा हिशेब याहून कडू आहे. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेही नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच हाती लागतो. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, आणि तरीही २००३च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेटवरचे दुर्मीळ चित्रपट खाक झाले. जिथे एकच प्रत असते तिथे एक ठिणगी पुरते. प्रत जितक्या हातांत जाते तितकी ती टिकते, हे साधं सत्य आहे. विनामूल्य व्हिडिओवर चिडणाऱ्यांनी या आगीवर किती लेख लिहिले, हे एकदा मोजायला हवं.

आता तिसरा आरोप: पडद्यावरून इतिहास शिकणं घातक आहे. यातली काळजी मी पूर्ण समजू शकतो. ‘दडवलेला इतिहास’, ‘हे तुम्हाला कुणी सांगणार नाही’ असली भडक शीर्षकं लावून, ना कागद ना पुरावा, तारस्वरात बोलणाऱ्यांचं पीक उदंड आलं आहे. पण त्यांना आणि श्याम बेनेगलांना एका ओळीत बसवणं हा आळस आहे.

बेनेगलांची ‘भारत एक खोज’ घ्या. १९८८मध्ये सुरू झालेली ५३ भागांची ही मालिका आज विनामूल्य पाहता येते. तिचा आधार असलेलं नेहरूंचं पुस्तक अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत, १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत लिहिलं गेलं. त्याच नगरचे सदाशिव अमरापूरकर मालिकेत महात्मा फुले झाले आहेत. ही मालिका आपण इतिहासाचा शेवटचा शब्द आहोत असं कुठेही भासवत नाही. रोशन सेठ नेहरूंच्या वेशात मध्येच पडद्यावर येऊन स्वतःचं मत सांगतात, त्यामुळे ही दृष्टी कुणाची आहे हे प्रेक्षकाला सतत कळत राहतं. अशोक आणि औरंगजेब या दोन्ही भूमिका ओम पुरीच करतात आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह दिसतात. समोर नाटक चाललं आहे, हे विसरायला मालिका वावच देत नाही. नेहरूंची मांडणी पटत नसेल तर ती खोडून काढायला लागणारा सगळा मजकूर तिने उघडपणे टेबलावर ठेवला आहे. भडक शीर्षकवाल्यांचा धंदा नेमका याच्या उलट चालतो.

बेनेगलांचंच २०१४चं ‘संविधान’ पाहा. राज्यसभा टीव्हीसाठी केलेले हे दहा भाग, त्यांत सचिन खेडेकर डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेत. संविधान सभेतल्या चर्चांचा शब्दशः वृत्तांत छापलेला आहे आणि तोही विनामूल्य वाचता येतो. २५ नोव्हेंबर १९४९चं बाबासाहेबांचं भाषण पडद्यावर ऐकायचं, मग मूळ वृत्तांतात वाचायचं, काय घेतलं आणि काय गाळलं ते पाहायचं. अकरावीच्या वर्गाला इतिहासाची पद्धत शिकवायची तर याहून चांगला तास मला सुचत नाही.

वृत्तचित्रांची गोष्ट जरा वेगळी. त्यांत खरी माणसं दिसतात म्हणून ती निर्मळ ठरत नाहीत. पाथेच्या चित्रणावरचं निवेदन राज्यकर्त्यांच्या कानाला रुचेल असंच आहे. १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनने काढलेली आणि प्रत्येक चित्रपटगृहाला खेळाआधी सक्तीने दाखवावी लागणारी समाचारचित्रं सरकारची भाषा बोलतात. पण धरणाच्या उद्घाटनाच्या त्या चित्रणात पाठीमागे उभे असलेले मजूर निवेदकाने उल्लेखले नाहीत तरी कॅमेऱ्याने टिपलेलेच आहेत. कॅमेरा कुणाच्या हातात होता, एवढा प्रश्न विचारायची सवय लागली की त्याच चित्रणातून सरकारने न सांगितलेलंही वाचता येतं.

आणि हा आरोप करणाऱ्या पिढीने स्वतः इतिहास कुठून घेतला, हेही एकदा बोलून टाकू. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची कादंबरी. थोरले माधवराव आणि रमाबाई मराठी घरांत शिरले ते तिच्यातून. १९८७मध्ये गजानन जागीरदारांनी तिची मालिका केली आणि माधवरावांना रवींद्र मंकणींचा चेहरा मिळाला. पेशवे दप्तरातले कागद किती जणांनी उघडले होते? कादंबरी, नाटक, कीर्तन, पोवाडा यांतूनच मराठी माणूस इतिहासाकडे आला. त्यातले काही पुढे सरदेसाई-शेजवलकरांसारख्या इतिहासकारांपर्यंत पोचले, बरेच पोचले नाहीत. यूट्यूबवर येणाऱ्यांचंही तसंच होणार. पायरी बदलली म्हणून पायरीवर उभ्या असलेल्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

प्रेक्षकाला बावळट समजण्याची ही खोड जुनी आहे, आणि न्यायालयाने ती एकदा स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. १९८८च्या सुरुवातीला गोविंद निहलानींच्या ‘तमस’चं प्रक्षेपण थांबवण्याची मागणी झाली. फाळणीच्या दंगलींचं चित्रण पाहून लोक भडकतील, असा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. निकालात आधार घेतला गेला तो नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४०च्या दशकात घालून दिलेल्या कसोटीचा: परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसावरचा, कचखाऊ आणि जिथेतिथे धोका दिसणाऱ्या माणसावरचा नव्हे. ही कसोटी आजच्या प्रेक्षकालाही लागू व्हायला हवी.

मग सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. खरं दुखणं आहे आणि ते या तिन्ही आरोपांच्या बाहेर आहे. आपला दृश्य वारसा आज एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर टांगलेला आहे. तिने नियम बदलला की संग्रह दिसेनासा होतो. काय वर यावं आणि काय गाडलं जावं हे तिचं यंत्र ठरवतं, आणि त्या यंत्राला ‘प्रतिभा आणि प्रतिमा’पेक्षा आरडाओरडा प्रिय आहे. त्याहून वाईट म्हणजे चित्रणाची होणारी नासधूस. चौकोनी पडद्यासाठी टिपलेलं चित्र ताणून रुंद करतात आणि माणसं बुटकी, फुगलेली दिसू लागतात. श्रेयनामावली कापून टाकतात. पहिल्या प्रक्षेपणाची तारीख नाही, दिग्दर्शकाचं नाव नाही, छायालेखक तर जन्मालाच आला नव्हता जणू. १९९०मध्ये ‘टिपू सुलतान’वरच्या मालिकेला ही कल्पित कथा आहे अशी पाटी दाखवायची अट घातली गेली होती. अशी पाटी कापून भाग चढवला तर प्रेक्षकाची दिशाभूल होते, आणि ती करणारा प्रेक्षक नसतो.

म्हणून मागणी करायची ती दार बंद करण्याची नको, दार नीट उघडण्याची हवी. प्रसारभारतीने, सह्याद्री वाहिनीने आणि फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह ज्यांच्याकडे गेला त्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने आपल्याकडे काय शिल्लक आहे आणि काय गेलं, याची संपूर्ण सूची जाहीर करावी. गेलेल्याची यादी दिली तर ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या आहेत ते त्या आणून देतील. त्यांना चोर न म्हणता पावती द्यावी. प्रत्येक चित्रणासोबत तारीख, श्रेयनामावली आणि मूळ लांबी असावी. चित्राचा आकार मूळचाच ठेवावा. प्रती एकाहून अधिक ठिकाणी, विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही असाव्यात, म्हणजे पुन्हा एका आगीत सगळं जाणार नाही. जाहिरातींचं उत्पन्न येत असेल तर त्यातला वाटा कलावंतांना आणि त्यांच्या वारसांना मिळावा. कलावंतांच्या हक्काची ज्यांना खरोखर चाड आहे त्यांनी प्रेक्षकाला दोष देण्यापेक्षा या शेवटच्या मागणीसाठी आवाज उठवावा.

मुंबईची दमट हवा टेपांना मानवत नाही. त्यांच्यावरचा लेप चिकट होतो, सुटतो, आणि त्या चालवणारी जुनी यंत्रं आता बनत नाहीत. कपाटातल्या प्रत्येक टेपेचं आयुष्य रोज थोडं कमी होतं आहे. ‘फुकट’ या शब्दावर वाद घालण्यात आणखी दहा वर्षं घालवली, तर वाद घालायला टेपच उरणार नाही. ज्यांना हा वारसा प्रिय आहे त्यांनी तो पाहावा, इतरांना दाखवावा, आणि तारीख व नावं नसलेल्या प्रत्येक चित्रणाखाली ती मागावीत.